घोंगडीवरची गोधडी

ज्या घरात सध्या एक खाट वेगळी टाकलेली आहे, त्या घरातल्या बायकांसाठी मी हे लिहीत आहे. खाटेवर पडलेलीसाठी, आणि तिला ताट नेऊन देणारीसाठीही. औषधांचे मी सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतील. पडून राहावे लागते तेव्हा काय होते, हात आणि डोके कशात गुंतवावे, आणि ते गुंतवताना कशाचे भान ठेवावे, एवढेच सांगते. हे शेवटचे भान मला राहिले नाही, म्हणून त्याबद्दल जास्त सांगणार आहे.

आम्ही कामरगावचे. पुढे कापडाचे लहानसे दुकान आणि मागे घर. माझ्या दोन्ही मुली सासरी गेल्या. घरात माझे यजमान, धाकटे दीर, त्यांची बायको कौसल्या आणि मी, असे चौघे. घर माझ्या हाताखाली चालत होते आणि नीट चालत होते. दुपारी आडवे होणे आमच्याकडे नव्हते. दळण झाले की निवडण, निवडण झाले की वाती, वाती झाल्या की शिवण. रिकामे बसलेले माणूस दिसले की माझ्या तोंडून काम निघे.

कारंज्याला

खोकला बरेच दिवस होता. मी त्याला खोकला म्हणत नव्हते, सरकीची धूळ म्हणत होते. संध्याकाळी अंग तापे, त्याला चुलीची धग म्हणत होते. एका सकाळी तोंड धुताना लाल पडले. मी त्यावर राख टाकली आणि कामाला लागले. पुन्हा पडले तेव्हा कौसल्या मागे उभी होती.

“हे कायचं वो बाई?”

“पान खाल्लं.”

“तुमी कधीपासून पान खाऊन राह्यल्या?”

ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. सरळ दुकानात जाऊन सांगून आली. यजमानांनी बैलांची दमणी जुंपली आणि आम्ही कारंज्याच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी नळी लावून पाठ ऐकली, छाती ऐकली, पुन्हा पाठ ऐकली. थुंकी काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिली. मग मला बाहेर बसायला सांगितले. मी उठले नाही.

“छाती माही हाये,” मी म्हणाले, “तं माह्यासमोरच बोला.”

“क्षय आहे, बाई,” डॉक्टर म्हणाले. “उजव्या बाजूला. सुरुवातीचा आहे, पण आहे.”

त्या वेळी माझ्या मनात पहिले काय आले ते सांगते, कारण तुमच्याही मनात असेच काहीतरी आले असेल आणि त्याची लाज वाटत असेल. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा राहिला, हे माझ्या मनात आले. त्यानंतर दुकान आले. क्षयाच्या घरातले कापड कोण अंगाला लावणार? मरणाचा विचार फार मागाहून आला, आणि तोवर आम्ही परतीच्या वाटेला लागलो होतो.

डॉक्टरांनी नेम सांगितले. खोली वेगळी, भांडी वेगळी, खिडकी उघडी. थुंकी डब्यात घ्यायची आणि जाळायची. खाटेवरून उठायचे नाही. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही.

“मंग वेणी कशी घालू?”

“घालू नका. मानेशी सैल गाठ मारा. आणि घरच्यांनी दूर राहायचं.”

“दूर कसं राहावं ते आमच्या घरच्या बायकांले शिकवा नाही लागत,” मी म्हणाले.

मी हे तोऱ्यात म्हणाले. चूक तिथूनच सुरू झाली.

मागची खोली

परसाकडची खोली रिकामी करून तीत माझी खाट टाकली. गावात पोटाचे दुखणे म्हणून सांगितले. खोली लहान, एक दार आणि एक झडपेची खिडकी. सकाळी दूध, मग तेल, मग जेवण, मग दूध, मग पडणे. डॉक्टरांनी अंडी सांगितली होती. आमच्या घरात अंडे येत नाही. म्हणून त्यांनी तेलाची बाटली दिली. ती यजमानांनी स्वतः आणून उंबऱ्यावर ठेवली.

“कशाचं तेल हाये?” मी विचारले.

“म्या विचारलं नाही. तू बी विचारू नको.”

कौसल्येने बूच काढून वास घेतला. “वासावरून तं तलावातलं वाटते,” ती म्हणाली आणि दोघेही तोंड फिरवून हसले. मी नाक धरून ते तेल पीत राहिले. तुमच्या घरी सोवळे-ओवळे असेल तर बाटलीवरचे वाचू नका, एवढाच माझा सल्ला आहे.

दुखणे अंगाला फारसे नव्हते. जाच होता तो कानांना. पहाटे जात्याचा आवाज येई, आणि ते एकटीने ओढलेले आहे हे घरघरीवरून कळे. मग विहिरीच्या रहाटाचा, मग भांड्यांचा. प्रत्येक आवाज माझ्या वाट्याचा होता आणि तो कौसल्या करीत होती. त्यातून तिला दिवस गेले होते. लग्नाला इतकी वर्षे होऊन पहिल्यांदाच. यजमानांनी दळायला बाई पाहिली, पण पोटाच्या दुखण्यावर गावाचा विश्वास बसला नव्हता. कोणी आले नाही.

आता नेमांचे सांगते. आमच्यात महिन्याच्या चार दिवसांत बाई बाजूला बसते. तिला हात लावायचा नाही, तिच्या अंथरुणाला पाय लागू द्यायचा नाही, पाणी वरून वाढायचे. पण तिच्याशी बोलायला कोणाची ना नसते. उलट त्याच चार दिवसांत दुसऱ्या बायका हातभर अंतरावर बसून पोटभर बोलून घेतात. डॉक्टर ‘दूर’ म्हणाले तेव्हा आम्ही दोघींनी हेच दूर धरले, आणि ते कसोशीने पाळले. कौसल्या ताट जमिनीवर ठेवून काठीने सरकवी. खाटेला तिचे लुगडे लागत नसे. बाहेर पडली की हातपाय धुई. आणि एवढे सगळे करून ती दुपारभर त्या खोलीत बसे. हिवाळ्याचे वारे सुटले होते, मी कुडकुडे, म्हणून ती झडपही लोटून घेई.

भिंत

पहिलटकरणीच्या बाळासाठी घरातल्या जुन्या, मऊ कापडांची लहानशी गोधडी शिवायची रीत आहे. दरवेळी ते काम माझे असे. गोधडी शिवतात जमिनीवर. लुगड्याचे थर अंथरायचे, वर ठिगळे मांडायची आणि कडेकडेने टाके घालत आत यायचे. ठिगळे हाताला येतील तशी पडतात. चारचौघी वाकलेल्या असतात, दुरून कोणी पाहत नाही.

कौसल्येने माझ्या खोलीतच तुकडे मांडायला घेतले. मला काही दिसेना. उठून बसायची मनाई, आणि मान वळवली तर खाटेची माची आड येई.

“तोंडासमोर टांग,” मी म्हणाले.

“काय टांगू?”

“सगळंच. ते घोंगडं आण.”

दुकानाच्या गादीखाली धनगराकडून घेतलेले काळे घोंगडे होते. माझ्या पायथ्याच्या भिंतीवर दोन खुंट्या होत्या. त्यांवर वेळूची काठी आडवी टाकली, घोंगडे तिच्यावरून सोडले आणि खाली दुसरी काठी टाक्यांनी अडकवली, म्हणजे ते ताणून राहिले. कौसल्या कमरेवर हात देऊन पाहत उभी राहिली.

“लोकं गोधडी खाली आंथरतेत. तुमी भिंतीले पांघरून राह्यल्या.”

“तो निया तुकडा लाव त्याच्यावर.”

“कायनं लावू?”

“नुसता दाब.”

तिने निळा तुकडा दाबला, आणि तो राहिला. घोंगड्याची लोकर चरचरीत असते, जुने सुती कापड तिला धरून बसते. तिने हात काढला, पुन्हा पुढे केला, पडतो का पाहिले. पडला नाही. ती माझ्याकडे वळली ती जत्रेत पाळण्यात बसलेल्या मुलीसारखी.

तुम्हाला करायचे असेल तर एवढे ध्यानात घ्या. नवे कापड खळीचे असते, ते निसटते. आधी धुऊन खळ काढा. जाड तुकड्याला बाभळीचा काटा टोचा, टोक आतल्या बाजूला जाऊ द्या. घोंगडे काळेच घ्या. पांढऱ्या भिंतीवर सगळेच रंग बरे दिसतात आणि फसवतात. खिडकीसमोर टांगू नका. प्रकाश बाजूने यावा. पडल्या पडल्या फार जवळचे दिसत असेल तर हातात आरसा घ्या, कुशीवर वळून त्यात भिंत पाहा. आरशात ती लांब जाते आणि चूक चटकन डोळ्यांत येते. दिवेलागणीला आणखी एकदा पाहा. त्या वेळी रंग मावळतात आणि नुसते उजळ नि गडद उरते. गडद सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर तेव्हा कळते.

दुकानातून गिरणीच्या नमुन्यांची गाठोडी आली, थानांच्या कडा आल्या. माझे एक जुने नेसूचे लुगडे, दुखण्याच्या आधीपासून ट्रंकेत पडलेले, तेही कौसल्येने काढले. थोरलीचे कापड बाळाच्या अंगाखाली असावे असा तिचा हट्ट होता. रोज दुपारी ताट उचलले की ती पाटावर बसे आणि मी मांडणी सांगे.

“तो लाल खाली घे.”

“हा?”

“त्याच्या बाजूचा.”

“तुमी लाल म्हटलं का मले पाच लाल दिसतेत.”

“ज्याच्यावर ठिपके हायेत तो.”

“ठिपके तं तुमच्या नजरेत हायेत बाई. हे लसणाच्या फोडणीचे डाग हायेत.”

मी हसे आणि हसता हसता खोके. खोकला आला की ती थांबे, पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवी, हात मात्र लावत नसे. मग पुन्हा लाल वर, निळा खाली. मधे माझ्या लुगड्याचा लाल चौकोन आणि भोवती पट्ट्यांच्या चौकटी, अशी मांडणी हळूहळू जमत गेली. एखादे दिवशी एकच तुकडा हलवायचा आणि मग दोघींनी नुसते पाहत बसायचे.

मला त्यात सुख होते हे लपवत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी कशाकडेही नुसते पाहत बसले नव्हते. यजमान दुकानात गिऱ्हाइकांच्या शंका झेलत होते, कौसल्येच्या पोटाकडे पाहून दीर आता विहिरीचे पाणी ओढत होते, आणि मी खाटेवर लोळत लाल-निळ्याचा विचार करीत होते. रात्री ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखे होई. सकाळ झाली की दुपारची वाट पाहत असे.

डॉक्टर आले त्या दिवशी

बाजाराच्या दिवशी डॉक्टर कामरगावला येत आणि जाता जाता मला पाहून जात. नेहमी दिवे लागताना येत. त्या दिवशी दुपारीच आले. दार लोटलेले होते. ते ढकलून आत पाहतात तो कौसल्या पाटावर बसलेली, झडप बंद, मी खोकते आहे आणि दोघीही हसत आहोत.

त्यांनी आधी जाऊन झडप उघडली.

“या किती वेळ असतात इथे?”

“दुपारभर,” मी म्हणाले. “पण हात नाही लावत कोणी मले. भांडी अलग, आंथरूण अलग. बाहेर गेली का पाय धुते. तुमी सांगतलं त्याच्यापेक्षा जास्तच पाळून राह्यलो आमी.”

मी शाबासकीची वाट पाहत होते, हे सांगायलाच हवे.

डॉक्टर काही वेळ घोंगड्याकडे पाहत राहिले. मग खाटेशी न येता उघड्या खिडकीतच उभे राहून म्हणाले, “हात लावून नाही होत हो हे. तुम्ही खोकता, हसता, तो श्वास या खोलीत राहतो. ती दुपारभर तोच घेते आहे. पाय धुऊन काय होणार?”

कौसल्या पाटावरून उठून दाराकडे सरकली.

“मी दूर म्हणालो होतो.”

“दूरच बसे,” मी म्हणाले.

“हो. मीच नीट सांगायला हवं होतं.” त्यांनी कौसल्येकडे पाहिले आणि तिचे पोट त्यांच्या ध्यानात आले. “ताप येतो का तुम्हाला?”

कौसल्या पदर बोटाला गुंडाळत राहिली. “सांजच्याले जरासं कोमट लागते आंग. पोटुशीले लागतेच म्हणतेत.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हटलं होतं,” मी म्हणाले. ते खरे होते. तिने मला आदल्या आठवड्यात विचारले होते आणि मी घोंगड्यावरची नजर न काढता उत्तर दिले होते.

डॉक्टरांनी तिला अंगणात नेऊन नळी लावली. मला दारातून तिची पाठ तेवढी दिसत होती. पुष्कळ वेळ लागला. परत येऊन म्हणाले, आज काही सांगता येत नाही. वजन उतरलेले आहे, ताप आहे, छातीत स्पष्ट काही नाही. माहेरी पाठवा, लवकर. उघड्या ओसरीत झोपू द्या, काम करू देऊ नका, खाऊ घाला. आणि या खोलीचा उंबरा तिने पुन्हा ओलांडायचा नाही.

ते गेल्यावर यजमान दारात आले. मला वाटले रागावतील.

“आमाले तरी कुठं माईत होतं,” ते म्हणाले. “आमी बी तेच पाहून राह्यलो होतो का ती तुले शिवून तं नाही राह्यली.”

मला रागावले असते तर बरे वाटले असते.

ओसरी

तिचे माहेर इंझोरीचे. भाऊ दमणी घेऊन यायला चार-सहा दिवस लागणार होते. तेवढ्यात गोधडीची मांडणी पुरी करू, असे कौसल्याच म्हणाली. मी नको म्हटले. तिने ऐकले नाही. दिरांकडून घोंगडे काढवून घेतले, तुकडे सोड्याच्या पाण्यात खळखळ उकळले, उन्हात कडक वाळवले, आणि घोंगडे अंगणापलीकडच्या ओसरीच्या भिंतीवर टांगले. ते माझ्या दाराच्या बरोबर समोर आले.

आधीच तिथे टांगले असते तर काय बिघडले असते? काहीच नाही. उलट तिथून ते जास्त चांगले दिसत होते, आरसाही लागेना. मी आत, ती उघड्यावर, मधे अख्खे अंगण. फक्त मोठ्याने बोलावे लागे. म्हणून सांगते, भिंत रोग्याच्या खोलीत करू नका. बाहेर करा, आणि दार उघडे ठेवा. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवे होते. मला डोके नाही अशातला भाग नाही. मला ती आत हवी होती.

शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावली.

“कोणाले वर घे म्हणून राह्यली वो थोरली?”

“लालले,” कौसल्या म्हणाली.

“अन् तिचं पोट कसं हाये?”

“पोट नाही दुखत तिचं. छाती हाये.”

झाले, एवढ्यावर लपवाछपवी संपली. दुकानात काही दिवस शुकशुकाट झाला आणि मग लोक पुन्हा येऊ लागले. कापड तर सगळ्यांनाच लागते.

मांडणी पुरी झाली त्या दिवशी मी तिला दारातून विचारले, “कौसल्ये, तू काहून बसत होती एवढा वेळ? ताट ठेवून निंगून जायचं होतं.”

ती एकेका ओळीतले तुकडे क्रमाने दोऱ्यात ओवत होती, म्हणजे इंझोरीला नेऊन उलगडले की मांडणी जशीच्या तशी मिळावी. तिने दोरा दातांनी तोडला.

“मंग कुठं बसू?”

“घर काय लहान हाये?”

“घर मोठं हाये. पण तुमी बऱ्या होत्या तवा मी बसली कधी?” ती हे कुरकुरत म्हणाली नाही. गाठ मारत मारत म्हणाली. “तुमी खाटेवर पडल्या तरी मी माजघरात बसली का मले तुमचाच आवाज आयकू ये. उठ, वाती करून घे. तुमच्या खोलीत बसली तं कोणी काही म्हणे ना. बाईंपाशी हाये म्हणत. पाय दुखेत माहे.”

मला इतके दिवस वाटत होते की ती माझ्यासाठी बसते, किंवा रंगांसाठी.

माझे वजन

ती गेल्यावरचा काळ मला दुखण्यापेक्षा कठीण गेला. दीर दर आठवड्याला इंझोरीला जात. परत आले की अंगणात उभे राहून सांगत, “ताप हाये,” आणि बैल सोडायला जात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते बैलांकडे न जाता थांबले.

“वहिनी, तिले काही झालं तरी म्या तुमाले काही म्हणणार नाही.”

ते मनापासून म्हणाले. त्यानंतर मला जेवण जाईना, पण मी जेवले. न जेवून काही तिचा ताप उतरणार नव्हता, आणि माझ्यासाठी दूध-तूप काढून ठेवणाऱ्या यजमानांना ताट परत नेताना पाहणे हा आणखी एक गुन्हा झाला असता.

आणि मी बरी होत होते. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. खोकला उतरला, लाल पडणे थांबले, हातातल्या बांगड्या पुन्हा घट्ट झाल्या. डॉक्टर येऊन खूश होत. म्हणत, “छान, मांस धरायला लागलं.” ज्या दुपारी मी हसत तुकडे सांगत होते त्याच दुपारी मला औषधासारख्या लागू पडल्या होत्या, असे त्यांचेच मत होते, मन रमले की पथ्य पाळले जाते. मी त्यांना विचारले, त्या दुपारी तिच्या अंगातून काढून माझ्या अंगात घातल्या का? ते म्हणाले, रोग असा हिशेब ठेवत नाही. मी म्हणाले, तो नसेल ठेवत.

रात्री पडल्या पडल्या मी देवाला काही मागितले नाही. मागण्याचे तोंड नव्हते.

इंझोरीहून

आंब्याला मोहर आला त्या सुमारास दीर परत आले तेव्हा बैल न सोडताच अंगणात आले.

“पोरगी झाली,” ते म्हणाले. “अन् तिचा ताप गेला.”

“कधीचा?”

“ती म्हणते बरेच दिवस झाले. मले खरं नाही वाटलं म्हणून सांगतलं नव्हतं.”

डॉक्टरांनी मग तिला कारंज्याला बोलावून पुन्हा तपासले. थुंकी यंत्राखाली पाहिली. काही मिळाले नाही. बहुधा हिवतापच असावा, असे त्यांनी सांगितले. ‘बहुधा’ हा शब्द त्यांनी वापरला आणि मी तो ऐकला. हा रोग अंगात शिरून वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो, तेव्हा पुढेही नजर ठेवायची, असे ते म्हणाले. म्हणून मला अजून सुटका नाही. ज्यांच्या हातून असे झाले असेल त्यांना मी खोटा धीर देणार नाही. ते मनातून जात नाही. त्याच्यासकट स्वयंपाक करता येतो, एवढे सांगू शकते.

माझ्या थुंकीत काही न सापडल्याला बरेच दिवस झाले, मला चूल पेटवायची परवानगी मिळाली, तेव्हा कौसल्या परत आली. भर दुपार होती. मी ओसरीच्या टोकाला उभी राहिले. दमणीतून आधी ती उतरली, मग दिरांनी पोर उतरवली. पोर त्या गोधडीत गुंडाळलेली होती. मधला चौकोन तिने बदलला होता. माझे लुगडे कडेला घेऊन मधे दुसरा लाल लावला होता. मला ते जास्त बरे वाटले.

कौसल्या वाळली होती. ती ओसरीत आली, खांबाला पाठ टेकली, पाय पसरले आणि डोळे मिटून बसली. चूल थंड होती. दुकानातून माणसे जेवायला यायची वेळ झाली होती. माझ्या जिभेवर वाक्य तयार होऊन आले. मी ते गिळले आणि आत गेले.

“बाई,” तिने बाहेरून हाक मारली. “काही करू का?”

“बस.”

“पीठ तरी मळते.”

“बस म्हटलं न.”

मी काटक्या रचल्या, गोवरीचा तुकडा पेटवून ठेवला, फुंकणी हातात घेतली. तेवढ्यात ओसरीतून खोकल्याचा आवाज आला. एकदाच. रस्त्याच्या फुफाट्याचा असेल, उन्हातून आल्याचा असेल. मी फुंकणी तोंडाशी धरून तशीच बसले आणि दुसऱ्याची वाट पाहत राहिले. बाहेर पोर कुरकुरली. कौसल्या तिला काहीतरी म्हणाली. दुसरा आला नाही. मग मी फुंकर घातली.